पेन्सिल

रबाळ्याला, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत
वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं ऑफिस.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
खदाणीनं अर्धा खाल्लेला.
रजा, किरकोळ खर्च, गेटपास, आवक-जावक
सगळं एका स्क्रीनवर आणायचं होतं.
मुदत तीन आठवडे. (मीच दोन म्हणालो होतो.)

दमयंती मढवी. बावीस वर्षं याच टेबलावर.
त्यांनी अकरा रजिस्टरं माझ्यापुढे ठेवली,
कोपऱ्यांना कापडी पट्टी लावलेली,
आणि म्हणाल्या, 'वाच आधी. मग विचार.'

मी वाचलं कमी, मोजलं जास्त.
रकाने किती, कुठे आकडा, कुठे तारीख,
कुठे नुसती सही.
चौकोन काढले, चौकोनांना बाण जोडले.
संध्याकाळपर्यंत कंपनी माझ्या दोन पानांत मावली.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं,
निम्म्या नोंदी शाईच्या, निम्म्या पेन्सिलच्या.

'हे काय?'
'ते अजून व्हायचंय.'
'म्हणजे पेंडिंग?'
'नाही रे. पेंडिंग वेगळं.
हा बघ केणीचा अर्धा दिवस.
बायकोला डायलिसिसला सोडून येतो म्हणाला.
बारापर्यंत आला तर खोडायचा,
नाही आला तर शाईनं गिरवायचा.
आणि एकपर्यंत आला,
तर मी गिरवायला जरा उशिरा घेते.'

किरकोळ खर्चाच्या वहीत : यादगिरी, सातशे.
दर पगाराला खोडून सहाशे, मग पाचशे.
कागद त्या जागी इतका झिजलेला
की पलीकडच्या पानावरचा मार्च दिसत होता.

म्हणून मी एक स्थिती जादा ठेवली.
मसुदा, सादर, मंजूर, नामंजूर,
आणि तळाला : पेन्सिल.
तिला राखाडी रंग दिला.
ऐरोलीच्या खोलीत, रात्री दोनला, करून पाहिलं.
नोंद आली. खोडली. गेली.
मागे काहीच उरलं नाही.
खऱ्या पेन्सिलचं थोडं उरतं,
उजेडाकडे धरलं तर दिसतं.
ते काही मला जमलं नाही.

चाचणीच्या दिवशी वझलवारसाहेबांनी यादी उघडली.
'हे पेन्सिल काय प्रकरण आहे?'
मी दमयंतीबाईंकडे पाहिलं. त्या पंख्याकडे.
'ऑडिटला काय सांगू? माणूस एक तर आहे, नाही तर नाही.'
बरोबरच होतं त्यांचं.
त्यांच्यामागे दुरुस्त झालेले काटे ओळीनं उभे होते,
सगळे शून्यावर.

मी ती एक ओळ काढून टाकली.
बदल साठवताना कारण लिहावं लागतं.
लिहिलं : अनावश्यक.

एक तारखेला सिस्टीम चालू झाली.
सर्व्हरपुढे नारळ फोडता येईना, म्हणून जिन्यात फोडला.
रजिस्टरं कपाटावर गेली, वर जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा.

सहा महिन्यांनी बॅकअप तपासायला गेलो.
सगळं चोख. एका टिचकीत अहवाल.
केणी : अर्धा दिवस, अर्धा दिवस, अर्धा दिवस,
चार दिवस बिनपगारी,
आणि त्यानंतर रोज हजर, नऊच्या ठोक्याला.
मला बरं वाटलं. म्हणालो,
'बायको सुधारली वाटतं त्यांची.'
दमयंतीबाई माऊस उगाच फिरवत राहिल्या.
'गेली ती,' म्हणाल्या.

मॉनिटरच्या कडेला कागदी चिकटपट्टी होती.
तीवर शिसानं, बारीक : यादगिरी, दोनशे.
मी वाचलं हे त्यांनी पाहिलं.

भेटीचा फॉर्म मात्र अजून कागदीच.
काम पूर्ण, सिस्टीम व्यवस्थित, खाली सही.
माझं पेन उठेना.
त्यांनी ब्लेडनं तासलेली पेन्सिल पुढे केली,
मग मागे घेतली,
आणि ड्रॉवर उघडून
पेन शोधू लागल्या.