त्रेसष्ट

अजमानच्या नुऐमियात, आमच्या लाँड्रीत,
एकतीस डिसेंबरला सगळ्या गावाला कपडे आजच हवे असतात.
कंदुरे, सूट, टिकल्यांचा एक निळा घागरा.
टिकल्यांवर इस्त्री उलट्या बाजूनेच फिरवायची,
हे सरगुरोहने शिकवलेलं.

सकाळी नऊपासून रेडिओवर वर्षाची शंभर गाणी.
श्रोत्यांचा कौल. एका मेसेजला दोन दिरहम.
दोन दिरहमला दोन चहा येतात,
तरी गुल जमानने चार पाठवले,
कुंजुमोनने तीन, त्याला हिंदी धड कळतही नाही,
मी सहा. बायकोला सांगितलेलं नाही.

सगळे एकाच गाण्याला.
तसं आमच्यापैकी कुणाला ते फारसं आवडत नव्हतं.
सरगुरोहला आवडायचं. कॉलर दाबताना
मधलंच एक कडवं म्हणायचा, सुरुवात यायची नाही,
वर पैज लावायचा, "पहिलं येणार, लिहून ठेवा."
ऑक्टोबरात मालकाने त्याला कॅन्सल केलं.
पाठीचा मणका. तेवीस वर्षं, एक खोका,
दोन ब्लँकेटं, बाणकोट.

शंभर. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
रेडिओवाली प्रत्येक आकड्याला इतकी खूश
जणू तिच्याच घरी पाळणा हलला.
ऐंशीपर्यंत मी शर्टही मोजत होतो,
मग दोन्ही आकडे एकमेकांत शिरले.
पासष्टला फोन आला:
बिल्डिंग नऊ, सातवा मजला, घागरा आत्ताच्या आत्ता.

ते लागलं तेव्हा मी लिफ्टमध्ये.
आरशात मी, खांद्यावर निळा घागरा,
आणि फोनवर रेंजची एकही काडी नाही.
परतलो तर गुल जमान मान न उचलता म्हणाला,
"तिरसठ. निकल गया,"
बस चुकलेल्याला सांगावं तसं.

कुंजुमोनने फोनवर घेऊन ठेवलं होतं.
बाणकोटला पाठवलं.
पहिलं कोणतं आलं ते कुणी ऐकलंच नाही.
बाराला समुद्राकडे फटाके फुटले,
आम्ही हँगर कमी पडले म्हणून भांडत होतो.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.
आवाज जाड झालेला, मागे कोंबडा.
"गाणं काय समजलं नाय रे.
पण ती दोन नंबरची इस्त्री अजून फुसफुसतेय.
वायसर बदला. खालच्या खणात बघ,
पिवळ्या डब्यात ठेवलेत."

डबा होता.
अकरा वायसर निघाले.