साडेअठरा इंच

मालखान्याला खिडकी एकच, पूर्वेची.
साडेनऊला ऊन टेबलावर येतं
तेव्हा मी नळ्या बघतो.
एकवीस वर्षं झाली या ठाण्यात,
ऊन अजून वेळ पाळतं.

आज दोन आहेत.
एक मालगुजारांच्या वारसांनी जमा केलेलं रिव्हॉल्वर.
मुठीला शिंग, शिंगाला तडा.
नळी चारच इंच, पण डोळा लावला की आत पीळ दिसतो,
सहा खाचा, उजवीकडे कलत कलत
उजेडाला वळवत नेणाऱ्या.
गोळी यातून गरगरत जाते
म्हणून तर सरळ जाते.
हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही,
लहानपणी भवऱ्यानं दाखवलं होतं:
फिरतो तोवर उभा,
थांबला की लोळला.

दुसरी झित्रूजी गुरनुल्यांची, एकनळी, बारा बोअर.
परवान्यावर निळ्या शाईत:
पीकसंरक्षणासाठी. नळी सव्वीस इंच. आतून गुळगुळीत.
गुळगुळीत आहेच.
विहिरीत वाकावं तशी,
तळाशी गोल आभाळ, मध्ये काही नाही.
फक्त तळ जवळ आलाय.

"टोकाले चीर गेली होती साहेब.
उडाली असती तं थोबाडच गेलं असतं ना माहं.
म्हून शिवणीच्या लोहाराकडून कापून घेतली.
खराब तेवढीच काहाडली, जास्त नाई."

लोहार बैलगाडीची धाव चढवत होता.
ती खाली ठेवून त्यानं हे काम केलं,
पैसे घेतले नाहीत, तुरीच्या शेंगा घेतल्या.

मी टेप लावला. साडेअठरा.
पुन्हा लावला.
कायदा वीस इंचांवर बसलेला असतो,
धुऱ्यावरच्या गोट्यासारखा.
पलीकडे होती तोवर हरभऱ्याची राखण,
अलीकडे आली की प्रतिबंधित शस्त्र.
लोखंड तेच, घोडा तोच,
दस्त्यावर नातवानं कोरलेलं मोराचं पिसारं तेच.

तोंड कापलं त्याबरोबर चोकही गेला,
आता छर्रे सुपातून उधळल्यासारखे फाकतील.
चाळीस पावलांवरच्या डुकराला खाज सुटेल फार तर.
पण खोलीत, दाराआडून, घोंगडीखालून,
तेवढ्या अंतरावर—
त्या अंतराचा विचार झित्रूजींनी केला नाही.
कायद्यानं केला.
दोघांचंही मला पटतं, हीच पंचाईत.

अहवालात रकाना आहे:
नळी आटेदार / बिनआटेदार. नको ते खोडा.
रिव्हॉल्वरला त्याच्या आखूडपणाबद्दल कोणी विचारत नाही,
ते जन्मानंच तसं,
त्याला स्वतःचं घर आहे यादीत.
ही मात्र कुठल्या ओळीत बसवू?

व्हरांड्यात बाकड्यावर झित्रूजी
सकाळपासून चहा नाकारत बसलेत.
मग आत आले, दुपट्ट्याची गाठ सोडली.
आत कापलेला तुकडा.
जपून ठेवला होता, खोबरेल लावून.
"हा घ्या. जोडून देता येते का पाहा ना कोणाकडून.
मंग तं भरते ना सव्वीस?"

मी दोन्ही टेबलावर टोकाला टोक ठेवले.
सव्वीसला धागाभर कमी.
तेवढं करवतीनं खाल्लं.

मुद्देमालाच्या वहीत तुकड्याला क्रमांक नाही.
तरी सवयीनं उचलला, खिडकीकडे धरला, डोळा लावला.
आत खाच होती,
एकच,
पीळ नसलेली, बाहेरच्या उजेडानं भरलेली,
टोकापासून थेट माझ्या बोटापर्यंत.

"दिसली?" झित्रूजी म्हणाले.
दिसली, म्हणालो.
रकाना अजून कोरा आहे.
मोठे साहेब अकराला येतात.