कानवाला, सीझन तिसरा

रात्रपाळी उतरून आलो तेव्हा
रोडेलनं खिडकीला फॉइल लावून ठेवला होता,
एसी अठरावर,
शराफतच्या पलंगावर वर्तमानपत्र आणि तिघांचा भात.
जुबैलमध्ये शुक्रवारी सकाळी दहाला
झोपायचं सोडून कुणी टीव्ही बघतं का?
आम्ही बघतो. एकवीस महिने वाट पाहिलेली.

मागच्या वेळी त्याला समुद्रात टाकून
संपवलं होतं ना मेल्यांनी,
दोन्ही कानांतून रक्त, मग नुसता काळोख.
त्याचं खरं नाव मोठं आणि इंग्रजी,
आमच्या खोलीत तो कानवाला.
शराफत म्हणालेला, गेला. मी म्हणालेलो, पैज.

तर तो जिवंत आहे.
कसा, ते धड सांगत नाहीत. एक कोळी,
एक फाटकं जाळं, थोडं धुकं, झालं.
पाच रियाल घेतले मी, पण कसेनुसे.

मारामारी मात्र झकास.
पूल कोसळतो तिथं सगळा आवाजच काढून घेतलाय,
त्याच्या कानात उरलंय तेवढंच आपल्याला:
कुठल्यातरी गाडीत अडकलेलं पोर,
आणि दूर कुणीतरी किल्ल्या शोधतंय.
कॉम्प्रेसरशेजारी बारा तास
कानात बोळे घालून उभा असतो मी.
मला ते कळलं. काटा आला अंगावर.

मग तो घरी जातो.
दार उघडतं, आणि आई दुसरीच.

नटी बदललीय हो.
पहिली बुटकी, दात किंचित पुढे,
"बस" म्हणताना आधी स्वतःच बसायची.
ही उंच, केस पार्लरचे.
आणि ज्याला तीन कोसांवरचं रडं ऐकू येतं
तो हिला मिठी मारून म्हणतो,
तुझ्या आवाजासाठी परत आलो.
अरे, कुठल्या आवाजासाठी?

मी ओरडलोच. रोडेलनं रिमोट दाबला.
"भालू, पैशाचं जमलं नसेल तिचं," म्हणाला,
"नाहीतर थकली असेल."
पडद्यावर ती तशीच अडकलेली,
हात पसरून, एक डोळा अर्धा मिटलेला.

परवा फोनवर आमच्या आईनं
कवळी काढून ठेवली होती.
मी म्हणालो, काकू, जरा आईला द्या.
पलीकडे काही वेळ पंखाच दिसला,
बहुतेक फोन मांडीवर ठेवला तिनं.
मग म्हणाली, देते हं.
आणि दिला नाही कुणालाच.

पुढचं काय सांगू, चाललं चाळीस मिनिटं.
नवा खलनायक आहे, मुका. बरा वाटला.
शेवटी कानवाला गच्चीवर उभा राहून
सबंध शहर ऐकतो, नेहमीसारखा,
आणि नावांची यादी वर सरकायला लागते.
आईचं नाव कुठं येतंय म्हणून मी बघत राहिलो,
फार भरभर गेली.

शराफत ताटं गोळा करत म्हणाला,
लाव पैज, पहिली परत येणार.
पाच रियाल खिशात होते.
लावली नाही.