सोबत जोडलेले कागद

तुमचं पत्र मिळालं.
संदर्भ क्रमांक लांबलचक आहे,
पाकिटावर दोनदा लिहिलाय, एकदा चुकून.
तुम्ही म्हणता, आउने सालमेला हिच्या उपचारांसाठी
निपिगॉन ते थंडर बे, जाऊन-येऊन
एकशे छत्तीस खेपा दाखवल्यात,
त्यांचे पुरावे तीस दिवसांत पाठवा.
रास्त आहे. तुमच्या खुर्चीत मी असतो
तर मीही मागितले असते.
आठवड्यातून तीनदा कोण कशाला जाईल एवढं लांब?

एकतीस वर्षं मी कागद गिरणीत काढली.
ओला लगदा चिमटीत धरून सांगायचो,
हा टिकेल, हा नाही.
तरी पंपावरच्या गुळगुळीत पावत्यांना फसलो.
बुटांच्या खोक्यात दीड वर्ष ठेवल्या
आणि त्या कोऱ्या झाल्या.
तारीख गेली, लिटर गेले, रक्कम गेली.
झाकण काढलं तर नुसते पांढरे चिटोरे.

पंपावरची डेलोरीस म्हणाली, तापवून बघ.
पहिली तव्यावर टाकली, ती जळाली.
पाच मार्चची असावी. ती मी धरलेली नाही.
मग आउनेचा केस वाळवायचा ड्रायर काढला.
केस विरळ झाल्यापासून तो कपाटातच होता,
जाळीत एक करडा केस अडकलेला.
तो राहू दिला.
लांबून, हळूहळू ऊब दिली
तसा कागद काळा पडत गेला
आणि काळ्यात पांढरी अक्षरं वर आली:
बेचाळीस लिटर. दोन कॉफी. सकाळचे सहा दहा.
रात्री अडीचपर्यंत मी वाचत बसलो होतो.

तेव्हा सोबतच्या झेरॉक्स काळ्या दिसतील.
यंत्राचा दोष नाही. त्या तशाच वाचायच्या.

काही गोष्टी माझ्या मीच वगळल्या.
एका पावतीवर लायलॅकचं रोप आहे. ते औषध नव्हे.
(तिचं मत वेगळं होतं.)
जूनमध्ये एकदा मशीन बंद म्हणून आम्हाला परत पाठवलं,
तेव्हा तळ्याकाठी थांबून धुरी दिलेला मासा खाल्ला,
बोटं चाटूनपुसून.
तो मासा मागत नाही. खेप मात्र धरली आहे,
उपचार झाले नाहीत, पण आम्ही गेलो होतो.
आणि एकदा रस्त्यात मूस उभा राहिला वीस मिनिटं.
त्याचा पुरावा नाही.

हॉस्पिटलचं पत्र जोडलं आहे.
त्यात तिच्या नावात एक अक्षर जास्त पडलंय,
ती मीच दुरुस्त करणार होते म्हणायची.

आता एक शंका.
तुमच्या पुस्तिकेत उत्तर सापडलं नाही,
फोनवर पन्नास मिनिटं व्हायोलिन ऐकलं,
मग तेही बंद झालं.
चौदा नोव्हेंबरची खेप.
जाताना गाडीत रुग्ण होता.
येताना नव्हता.
पावतीवर एकच कॉफी आहे.
पुस्तिका म्हणते, प्रवास रुग्णाचा असला पाहिजे.
मग परतीचे एकशे दहा किलोमीटर
कुणाच्या नावावर टाकू?
शिसपेन्सिलीने लिहून ठेवलेत.
खोडायचे तर तुम्ही खोडा.
माझ्याच्याने ते झालं नाही.

कळावे,
रेइनो सालमेला

ता. क.
कॅलेंडर मात्र मूळ प्रत आहे.
खेपांच्या तारखांवर तिनेच निळ्या फुल्या मारल्यात.
काम झालं की परत पाठवा, टपालखर्च मी देईन.
ऑगस्टच्या पानामागे बीटच्या लोणच्याचं प्रमाण आहे,
आणि व्हिनेगर किती,
ते मला अजून पाठ झालेलं नाही.