सात प्रश्नचिन्हं

कोडमशेठच्या हिशेबानं भाड्याचं घर घेतलंय
समुद्रापलीकडे कुठंतरी.
टॉवेलांची मापं, उधाऱ्या, चादरींची चाळीस वर्षांची डिझाइनं,
सगळं गेल्या आठवड्यात तिकडं राहायला गेलं.
माझ्याकडे उरली एक चिठ्ठी:
चार आकडे, मधे तीन टिंबं, शेवटी पोर्ट.

अक्कलकोट रोड, शेडचा माळा, रात्रीचे साडेनऊ.
खाली माग चालू. कपातला चहा
त्यांच्या ठेक्यावर थरथरतोय.
मी जोडते.
थांबते.
कनेक्शन टाइमआउट.
आमच्या गल्लीतला नळ असाच. चौथ्या दिवशी पाण्याची पाळी,
पाचव्या दिवशी उघडला तर
नुसती फुसकन हवा.

होस्टिंगवाला फोनवर म्हणाला, मॅडम, तुमचा आयपी यादीत नाही.
यादीत घातला. दार किलकिलं झालं,
आतून आवाज: तुमचा क्लायंट जुना,
आमची ओळख पटवायची रीत त्याला येत नाही.

माझी आई घरात तेलुगू, रेशनच्या रांगेत मराठी,
भाजीवालीशी कन्नड.
तिला कुणी कधी आवृत्ती विचारली नाही.

राजय्या कोपऱ्यात विडी न पेटवता बसलेला.
पंचेचाळीस वर्षं त्यानं जॅकार्डची कार्डं भोकं पाडून दिली,
आता काम नाही, तरी येतो.
म्हणाला, दोनशेचाळीस हुकांचं कार्ड
चारशेच्या मशीनवर चढत नाही पोरी.
मशीन वाईट नसतंय. कार्ड पण नसतंय.

मोबाइलच्या नेटवर नवा क्लायंट उतरवला,
अकरा वाजून दहा मिनिटांनी जोडला गेला.
मी मोराची चादर मागितली.
ओळ आली: साल, रंग, हुकांची संख्या,
आणि कार्ड कापणाऱ्याच्या नावाच्या जागी
सात प्रश्नचिन्हं.

हा कोण?
तुम्हीच.
त्यानं बोट लावून मोजली.
माझ्या नावात अक्षरं तीनच की गं.

काना, जोडाक्षर, पाय मोडलेला य,
यंत्र सगळं सुटं मोजतं, हे त्याला कसं सांगू?
लिपीची सेटिंग बदलली, एकच ओळ.
पुन्हा मागितलं.

राजय्या.

कार्डावरची भोकं तपासायचा तसा
काचेवरून अंगठा फिरवला त्यानं,
वाचलं नाही, चाचपलं.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
खालचा एक माग धागा तुटून थांबला,
कुणीतरी शिवी दिली, परत सुरू झाला.

किती लांब आहे गं ते?
जाऊन यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली.
तिकडं नळाला पाणी
रोज येत असंल, न्हवं?