छाट

मौनिकाला शाळेत विषय दिलाय,
'प्रसिद्ध माणसांनी आदर्श वागलंच पाहिजे का?'
चार मिनिटं बोलायचं. बक्षीस स्टीलचा डबा.
ती विचारते, अव्वा, बाजूने बोलू की विरोधात?
मी म्हणते, थांब, पान वाळतंय.

पान ओल्या फडक्यात असेल तरच वळतं.
पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कडेकडेने जायचं,
चिमूटभर तंबाखू, अंगठ्याने गुंडाळी,
दोऱ्याचे दोन वेढे, तोंड मुडपायचं.
सत्तेचाळीस वर्षं, रोज हजार.
आता सातशे होतात, खोटं कशाला सांगू.

तिला ज्याच्यावर बोलायचंय
तो विडी घरकुलाच्या तोंडाशी उभा आहे, वीस फूट उंच,
बोटांत सोनेरी पुडी धरून हसतोय.
खाली नाव लिहिलंय, सिड.
आम्हाला तो सिद्राम, म्याकलांचा,
चड्डी करगोट्यात खोचून फिरणारा.
त्याची आई आणि मी एकाच दिव्याखाली वळायचो
आणि तो कट्टे बांधायचा, पंचवीसचे.
कधी चोवीसच निघायच्या.
चोरायचा नाही, हे मुद्दाम सांगते.
मोजायला चुकायचा.

गेल्या गड्ड्याला आला होता,
कुणाच्या तरी दुकानाची फीत कापायला.
होम मैदानाजवळ मी गर्दीत चेंगरलेली.
त्याने गाडीच्या काचेआडून हात जोडले.
मला, की सगळ्यांना?
घरी येऊन सुनेला सांगितलं, मला.

आता शेजारचा नरेश. चौदा वर्षांचा.
आधी सिडसारखी भुवईत चीर पाडून आला,
आईने पायातली काढून हाणली, तेवढ्यावर भागलं.
मग पुडी आली.
जिन्याचा कोपरा लाल झाला
आणि त्याची आई माझ्या दारात,
सांगा की तुमच्या सिद्रामला!
जसा काही माझ्या पदराला त्याचा फोन बांधलाय.

मी पण पेटले. मौनिकाला म्हटलं, बाजूने लिही.
लिही, ज्याचं तोंड वीस फुटांचं
त्याने बघावं त्यात काय घालतो ते.
लिही, आमची विडी कारखान्यात पसरून तपासतात,
तोंड सैल, छाट. पान फाटकं, छाट.
शेकड्यामागे सहा-सात बाजूला, त्यांचे पैसे नाहीत.
त्याच्या हसण्यातलं छाट कोण काढतं?
पोरगी भराभर लिहीत होती.
म्हणाली, इथं टाळ्या पडतील.

नरेशला बोलावलं. तोंड उघड म्हटलं.
उघडलं त्याने. बघवलं नाही.
मिटल्यावर त्याने माझ्याकडे नाही,
मांडीवरच्या सुपाकडे पाहिलं
आणि हळूच विचारलं, आणि तू?

उत्तर होतं की माझ्याकडे.
घराचा हप्ता होता, नवऱ्याचं बंद पडलेलं माग होतं,
हजाराला मिळतात किती
आणि त्याला एका हसण्याला किती, हा हिशोब होता.
हा फरक मी मरेपर्यंत सोडणार नाही.
पण पोराला फरक दिसत नव्हता.
त्याला हात दिसत होते.

मौनिकाने भाषण वाचून दाखवलं. चांगलं झालंय.
सिद्राम आहे, पुडी आहे, छाटसुद्धा आहे.
म्हटलं, यात मी कुठंय?
ती हसली. अव्वा, तू काय प्रसिद्ध आहेस?

मी नरेशला म्हटलं, बस इथं, कट्टे बांध.
पाण्याचा तांब्या दिला, चूळ भरून आला, बसला.
मोजायला चुकत नाही तो.
चौथ्या कट्ट्याला थांबला,
एक विडी उचलली, बल्बाजवळ धरली,
दोन बोटांत फिरवली तपासनिसासारखी
आणि म्हणाला, छाट.

मी हातात घेऊन पाहिली.
खरंच, तोंड सैल होतं.