साडेतीन फूट

कोर्ट कमिशनर म्हणून मला पाठवलं साखर पेठेत.
एप्रिल, सकाळचे अकरा, पत्रे तडतडतायत,
पलीकडच्या शेडमध्ये माग सुरू, खटक-खटक,
बोलायचं तर ओरडावं लागतं.
टेपचं एक टोक वादीच्या नातवानं धरलं,
दुसरं प्रतिवादीच्या मुलानं.
दोघं एका वर्गात आहेत म्हणे.
रुंदी साडेतीन फूट. लांबी एकेचाळीस.

वादी नरसम्मा चिट्याल, वय चौसष्ट, धंदा विड्या वळणे.
प्रतिवादी काशिनाथ हत्तुरे. त्यांना बोळात जिना हवाय.
नकाशा मंजूर आहे, शिक्का मी पाहिला.
उतारा त्यांच्याच नावाचा, त्याबद्दल भांडण नाही.

भांडण चालण्याबद्दल आहे.

नव्या पक्षकाराला मी हे असं समजावतो :
जमीन एकाची असते,
तिच्यावरचं चालणं दुसऱ्याचं असू शकतं.
ते चालणं सुटं विकता येत नाही,
घर विकलं की घराबरोबर जातं, उंबऱ्यासारखं.
एक जमीन सेवा घेते, एक करते.
करणारीनं काही करायचं नसतं,
फक्त आडवं यायचं नसतं.
वीस वर्षं चाला. उजेडात चाला, चोरून नको.
भांडून नको. मध्ये खंड नको.
आणि हक्क असल्यासारखं चाला.
हे शेवटचं कुणाला कळत नाही.

मागून दुसरी वाट आहे का? आहे.
नाल्याच्या कडेनं दोनशे बारा पावलं,
दोन डुकरं, एक उघडं चेंबर.
पण वाट आहे म्हणजे आहे.
गैरसोय म्हणजे गरज नव्हे,
असं माझे सीनियर सांगायचे, गाडीतून न उतरता.

पाणी इथं चौथ्या दिवशी येतं.
तरी तिनं तांब्या भरून आणला,
आधी मला, मग हत्तुऱ्यांच्या पोराला.
‘एकतीस वर्षं झाली, साहेब.
पानं भिजवायची, कापायची, वळायची, कट्टे बांधायचे,
टोपली डोक्यावर घेऊन ह्याच बोळानं कारखान्याला.’
मी विचारलं (विचारायला नको होतं),
कधी कुणी अडवलं?
‘अडवतील कशाला? रोज विचारायची की मी.
ह्यांचा बाप, बसलिंगप्पा, कट्ट्यावर बसलेला असायचा.
आण्णा, येऊ का? ये की गं.
तो गेला, तर त्याच्या सुनेला विचारायची.
दुसऱ्याच्या जागेतनं मुक्यानं कसं जावं?’

खटक-खटक.
हत्तुऱ्यांच्या वकिलानं ऐकलं का, माहीत नाही,
तो फोनवर होता.

एकतीस वर्षं, सणवार वजा जाता
दहा हजार वेळा तरी परवानगी मागितली तिनं.
परवानगीतून हक्क उगवत नाही,
हजारदा पेरली तरी.
मान ताठ करून, कट्ट्याकडे न बघता
गेली असती रोज,
तर बोळातली वाट तिची होती.
कायदा सभ्य माणसाची बाजू घेत नाही,
असं लिहिणार होतो डायरीत.
मग वाटलं, घेतो की. बसलिंगप्पाची घेतो.
‘ये की गं’ म्हणाला
म्हणून त्याच्या मुलाचं काही बुडू नये.
दोघंही सभ्य होते, इथंच सगळं अडलंय.

कमिशनरनं पाहायचं असतं, ऐकायचं नसतं.
पाहिलं तेवढं लिहिलं :
पूर्वेस खिडकी एक, गजांची,
आत सूप, कात्री, दोऱ्याचं रीळ.
शहाबादी फरश्या एकवीस.
अकरावी मधोमध झिजलेली, अंदाजे पाव इंच.
कशानं झिजली, ते टेपवर येत नाही.
उलटतपासणीत तिला विचारतीलच,
ती खरं तेच सांगेल.
हे मोजमाप नव्हे, म्हणून लिहिलं नाही.

पंचांच्या सह्या झाल्या. पोरांनी टेप गुंडाळून दिली.
निघालो त्याच बोळातून.
कट्ट्यावर काशिनाथ हत्तुरे बसलेले, त्यांनी पाय आखडून घेतले.
मी काही न विचारता पुढं गेलो.
खिशात कोर्टाचा हुकूम होता.